पर्वती, सावकाश

लगेच चढायला लागू नका. पायथ्याशी जरा थांबा.

तुम्ही पुण्यात असाल तर एखाद्या रविवारी पहाटे खरोखरच इथे या. बाहेरगावी असाल, परदेशी असाल, तर बसल्या जागी पाठ सैल सोडा, दोन्ही पावलं जमिनीवर नीट टेकवा आणि मनाने या. पावलं टेकवायची ती दोघांनीही. आज सगळी भिस्त पावलांवरच आहे.

दिवस मार्गशीर्षातले धरू. सहा वाजून गेलेत, अजून फटफटलेलं नाही. चहाच्या टपरीवर पहिलं आधण उकळतंय आणि आल्याचा वास रस्त्यापर्यंत आलाय. कानटोपी-मफलरमधले आजोबा, धावत आल्यामुळे धापा टाकणारी दोन मुलं, कागदाच्या पुडीत बेल-फुलं घेतलेली एक बाई. ती बाई पहिल्या पायरीशी वाकते, दगडाला हात लावून तो कपाळाशी नेते आणि वर निघते. तुम्हीही वाका. हात लावा. रात्रभराचा गारठा या काळ्या दगडात मुरलाय. दगडाचा गारवा हातात येईपर्यंत तळहात तसाच राहू द्या.

आता एक प्रश्न मनाशी आणा. तुम्ही स्वतःसाठी म्हणून इथे शेवटचे कधी आला होतात?

सहल म्हटली की आपल्याला आधी अंतर आठवतं. महाबळेश्वर, कोकण, बॅगा भरणं, पहाटेची गाडी. पर्वती रिक्षाने वीस मिनिटांवर असते, म्हणून वीस-वीस वर्षं जाणं होत नाही. नागपूरची मावशी आली, मुंबईची भाचरं आली, की मग आपण शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, सारसबाग आणि पर्वती असं सगळं एका दिवसात उरकतो, संध्याकाळी मस्तानी पाजतो आणि पाहुण्यांना गाडीत बसवून देतो. मग ती ठिकाणं पाहुण्यांच्या कपबशांसारखी परत फडताळात जातात. त्या प्रश्नाचं उत्तर आठवत नसेल तर राहू दे. तुमच्या गावालाही अशी एखादी टेकडी असेल, एखादं तळं, एखादी बाग. तुम्ही मनाने तिथेच गेलात तरी चालेल, चाल तेवढी हीच ठेवा.

आता पहिली पायरी.

पायऱ्या १०३ आहेत. शाळकरी वयात मी वडिलांबरोबर, अण्णांबरोबर त्या मोजायची. आमचा आकडा एकदाही जुळला नाही. माझ्या १०१ व्हायच्या, त्यांच्या १०४. खालचा सपाट दगड धरायचा की नाही, मधल्या सपाटीची एक मोजायची की दोन, यावर वर पोहोचेपर्यंत आमचं चालायचं. मग अण्णा म्हणायचे, ‘पुढच्या रविवारी परत मोजू.’ त्या वाक्यासाठीच मी चुकीचं मोजत असेन, असं आता वाटतं. तुम्हाला मोजायचं असेल तर मोजा. चुकलं तर मागे जाऊ नका, जिथे आहात तिथून पुढचा आकडा धरा.

या पायऱ्यांची एक खोड आहे. त्या उंचीला कमी आणि लांबीला जास्त आहेत. एका पायरीला एक पाऊल पुरत नाही आणि दोन टाकली तर जास्त होतात. पुण्यात सांगतात की हत्तीला चढता यावं म्हणून त्या अशा ठेवल्या. हत्तीचं हत्तीपाशी. आपल्यासाठी यातली गंमत अशी की घरच्या जिन्याची सवय इथे चालत नाही. दर पायरीला पाऊल थोडं विचारात पडतं, कधी डावं पुढे, कधी उजवं. इकडेतिकडे भटकणारं लक्ष त्यामुळे आपोआप तळपायांत उतरतं. ते तिथेच राहू द्या. टाच टेकतेय. चवडा टेकतोय. अंगठा दगड चाचपतोय. शेजारच्याशी बोलता बोलता चढता येईल इतकीच चाल ठेवा. श्वास लागला तर थांबा. मागून येणारे कडेने जातील, पायऱ्या प्रशस्त आहेत.

चाळीसएक पायऱ्या झाल्या की बाजूला बसा.

वरच्या देवळाची एक कथा पुण्यात सांगतात. नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाला दुखणं होतं. या टेकडीवरच्या देवीला त्यांनी नवस बोलला, पाय बरा झाला, आणि नानासाहेबांनी इथे देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं. मंदिर १७४९ मध्ये पुरं झालं. नवसाचं खरं-खोटं करण्यात मला रस नाही. माझं मन त्या दुखऱ्या पायाशी थांबतं. आज हजारो पाय जिथे व्यायामाला येतात, त्या जागेच्या कथेच्या मुळाशी न चालवणारा एक पाय आहे.

माझी आई शेवटची पाच-सहा वर्षं इथपर्यंतच यायची. गुडघे पुढे नाही म्हणायचे. ती कडेच्या पायरीवर पदर सावरून बसायची आणि म्हणायची, ‘तू जा गं वर. देवाला सांग, ती खाली बसलीये.’ मी भराभर जायची आणि भराभर परत यायची. ती एकटी खोळंबली असेल, कंटाळली असेल, या विचाराने वर माझं चित्त लागायचं नाही. एका रविवारी माझाच पाय मुरगळला होता, म्हणून मी तिच्या शेजारी बसून राहिले. तेव्हा मला दिसलं की फुलांच्या पुड्या विकणाऱ्या बाईच्या मुलीची परीक्षा कधी आहे, हे आईला माहीत होतं. रोज पाच फेऱ्या मारणारे एक आजोबा तिसऱ्या फेरीला तिच्याकडे स्वेटर ठेवून जायचे. एक पिवळट कुत्रं तिच्या चपलेवर हनुवटी टेकवून झोपायचं. उन्हाची तिरीप पायऱ्यांवरून कशी खाली सरकते, कुठल्या पायरीवर ती कधी येते, हे तिने मला बोटाने दाखवलं. मी जिला थांबून राहणं समजत होते, ती तिची भरगच्च सहल होती.

आता तुमचं एखादं माणूस मनात आणा. चढू न शकलेलं. रुग्णशय्येवरचं असेल, हयात नसेल, किंवा कुठेच न येणारं, घरातलंच कुणी असेल. त्याला या पायरीवर शेजारी बसवा. वर काय आहे ते सांगू नका. त्याला इथून काय दिसतंय ते विचारा, आणि ऐका.

पुरेसा वेळ बसा. मग निघा.

वर येता येता उजाडलेलं असेल. चपला काढल्या की फरसबंदीचा गारठा तळपायांतून थेट नडगीपर्यंत चढतो. मधे देवदेवेश्वर, कोपऱ्यांत छोटी देवळं. अंगणात पलीकडे कार्तिकस्वामी आहे, विष्णू आहे, विठ्ठल-रखुमाई आहेत. जिथे पाय थांबतील तिथे उभे राहा. घंटा वाजवलीत तर तिचा शेवटचा धागा कानातून जाईपर्यंत दुसरं काही करू नका.

मग बाहेरच्या कठड्याशी या.

नानासाहेबांनी हे शहर हौसेने सजवलं. पेठा वसवल्या, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहराच्या हौदांत आणलं, या टेकडीखाली तळं केलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. खचलेले नानासाहेब पुण्याला परतले आणि २३ जून १७६१ रोजी इथेच, पर्वतीवर, त्यांनी देह ठेवला. त्यांचं स्मारक इथे आहे. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी इथूनच पाहिली. आपण गार वारा घ्यायला येतो त्याच उंचीवर कुणी आपल्या माणसांसाठी झुरलं आहे आणि कुणी आपलं राज्य जाताना पाहिलं आहे. हे मनात आलं की वाऱ्याची मजा मला कमी वाटत नाही. कठड्याचा दगड मात्र मी जरा हलक्या हाताने धरते.

आता खाली उत्तरेला पाहा. झाडांच्या दाटीत सारसबाग. तिथलं गणपतीचं देऊळ सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये झालं. तेव्हा ते खरोखर पाण्याने वेढलेलं होतं. आंबील ओढ्याचं पाणी अडवून केलेलं तळं, तळ्यात बेट, बेटावर बाग. कालांतराने तळं गेलं, त्या जागी हिरवळ आली, फुलझाडं आली, भेळेच्या गाड्या लागल्या. तरी पुणेकर आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. ज्यांनी ते तळं कधी पाहिलं नाही, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीही ते भरलेलं पाहिलं नसेल, ते रिक्षावाल्याला सांगतात, तळ्यातल्या गणपतीला सोडा. ते पाणी माणसांच्या तोंडी राहिलंय. डोळे मिटा आणि थोडा वेळ ते परत भरा. हिरवळीवर पाणी चढतंय. भेळवाल्याची गाडी तरंगायला लागली. देऊळ पाण्यात उलटं दिसतंय. कमळाचं पान हललं. आता डोळे उघडा. हिरवळीवर एक बाळ पहिल्यांदाच उभं राहतंय आणि त्याची आई दोन हात पसरून चार फुटांवर बसलीय. इतक्या उंचीवरून ते दिसत नाही, पण रविवारच्या सारसबागेत ते कुठेतरी असतंच. याच दिवसांत त्या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. देवाला थंडी वाजत असेल असं ज्या गावाला वाटतं, त्या गावावर माझा फार जीव आहे.

बागेला लागून पेशवे पार्क. तिथली फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, १९५६ मध्ये सुरू झाली. मोठं माणूस तिच्या डब्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, आणि तसंच बसायचं असतं. त्या डब्यात एकदा तरी तुम्हीही लहान होतात. समोर कोण बसलं होतं? तुमच्या पावलांना खालची फळी लागत होती का, की ती लोंबकळत होती? गाडी सुटताना शिट्टी होते, बाहेर उभी राहिलेली माणसं हात हलवतात, आणि आपण फार लांब निघालोय असं वाटून पोटात गोळा येतो. चार-पाच मिनिटांत गाडी जिथून निघाली तिथेच परत येते. ती माणसं तिथेच असतात. लहानपणी मला या परत येण्याचं वाईट वाटायचं. आता त्या चकरेत मला सगळ्यात जास्त आवडतो तो शेवटचा वळसा, ओळखीचे चेहरे परत दिसायला लागतात तो.

पार्कात पूर्वी प्राणी होते. रात्री तिथल्या सिंहाची गर्जना आमच्या घरापर्यंत यायची आणि मी अंगावरची गोधडी डोक्यापर्यंत ओढून घ्यायची. पुढे ते प्राणी कात्रजला, राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. तिथे त्यांना झाडं आहेत, मोकळी जागा आहे. त्या अरुंद पिंजऱ्यांपेक्षा ते बरंच झालं, आणि तरीही रात्री कधी जाग आली तर मी अजून कान देते.

आता नैर्ऋत्येला वळा. धुकं विरळ झालं असेल तर क्षितिजावर एक आडवा, दमदार डोंगर दिसेल आणि त्याच्या माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा. सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७० ची तानाजी मालुसऱ्यांची रात्र आपण शाळेपासून ऐकत आलोय. १७०० मध्ये राजाराम महाराज तिथेच गेले. लोकमान्य टिळक तिथे जाऊन राहायचे, त्यांचा बंगला आहे. स्वारगेटहून ५० नंबरच्या बसने पायथ्याशी उतरायचं, आतकरवाडीतून पायवाट धरायची आणि दीड-दोन तासांत पुणे दरवाजा. चढून आल्यावर देवटाक्याचं पाणी, पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही.

त्या दह्यापाशी थोडं थांबू. तळहातावर मावेल एवढं मातीचं मडकं. बाहेरून ओलसर, कारण कच्ची भाजलेली माती दह्यातलं पाणी पिते आणि ते पाणी बाहेरच्या अंगाने वाऱ्यावर उडून जातं. म्हणून आतलं दही गार राहतं आणि इतकं घट्ट होतं की मडकं उपडं केलं तरी ते सांडत नाही. वर साखरेचे दाणे. चमचा आत जाताना मडक्याच्या काठाला घासतो, त्याचा खरखरीत आवाज. पहिला घास जिभेवर आणा. धुराचा किंचित वास, मातीचा किंचित वास, मग आंबट, मग गोड.

आता हे मडकं वर कसं आलं ते पाहा. डोक्यावर पाटी, पाटीत ओळीने लावलेली मडकी, एक हात पाटीला आणि दुसरा हात कासोट्याच्या कडेला. आपण पाण्याची बाटली घेऊन, दर वळणावर थांबून, फोटो काढून ज्याला ट्रेक म्हणतो, त्या वाटेने गडाखालच्या गावांतल्या बायका वर्षानुवर्षं ओझं घेऊन चढल्या. आता गाडीरस्त्याने बरंचसं सामान जातं. तरी त्या वाटेवरचे दगड कुणाच्या पावलांनी गुळगुळीत झाले, हे गडावर जाल तेव्हा आठवा. त्या बाईचं पाऊल मनात आणा. टाचेला भेगा, बोटांत जोडवी, पाऊल पडतं ते नेमकं, एकदाही न चाचपडता. तिच्या मागून दहा पावलं चाला. बोलू नका.

भेगांवरून आठवलं. या कठड्यावरून दिसत नाही, पण खाली शुक्रवार पेठेच्या गल्ल्यांत कुठेतरी राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा धंदा होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी गावोगाव फिरून जुन्या घरांतल्या वस्तू गोळा केल्या. २०,००० हून जास्त वस्तू, आणि तलवारी-दागिन्यांपेक्षा त्यात रोजच्या हाताळणीतल्याच अधिक. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, वाद्यं. पाहुण्यांबरोबर आपण त्या दालनांतून पळत जातो. पुढच्या खेपेला एकटे जा आणि फक्त वज्रीसमोर उभे राहा. वज्री म्हणजे पाय घासायची धातूची वस्तू. खालचा भाग खवल्या-खवल्यांचा, खरबरीत. वरची मूठ मात्र कारागिराने पक्ष्याची, प्राण्याची केलेली. अंघोळीच्या दगडावर बसून टाचेचा मळ काढायचा, तेवढ्या कामासाठी कुणीतरी मोराची मान घडवली आहे. ती मूठ झिजलेली आहे. ज्या हाताने ती धरली त्या बाईचं नाव कुठे लिहिलेलं नाही. तिच्या टाचा तेवढ्या आपल्याला ठाऊक आहेत.

परत या कठड्याशी. सूर्य हडपसरच्या बाजूने वर आलाय. पेठांवरचा धूसर थर सोनेरी झालाय. आता डोळे मिटून नुसतं ऐका. स्वारगेटच्या बाजूने एसटीचा हॉर्न. कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी. टेकडीच्या उतारावर जनता वसाहत आहे, तिथल्या नळावर कळशा आपटताहेत, पोरं एकमेकांना हाका मारताहेत. त्यांना ही टेकडी म्हणजे घरामागचं अंगण, चेंडू हरवायची जागा. ते नळाचं पाणी खडकवासल्याहून येतं. पायथ्याच्या जलकेंद्रात शुद्ध होतं आणि शहराच्या मोठ्या भागाला जातं. रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर ज्या पाण्याकडे पाहत आपण भाजलेलं कणीस खातो, तेच सोमवारी सकाळी आपल्या तांब्यात येतं. घोटभर पाणी जवळ असेल तर आत्ता प्या. घशाखाली जाईपर्यंत त्याच्याबरोबर राहा.

उतरायची वेळ झाली.

उतरताना मोजू नका. उतार पोटरीला सोपा आणि गुडघ्याला जड, म्हणून वजन पुढे टाकू नका, पाऊल सबंध टेकवा. चढताना ज्या दगडांकडे पाठ होती ते आता समोरून येतील. खालून दोघं वर येताहेत, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा. ती म्हणतेय, त्रेसष्ट. ते म्हणताहेत, पासष्ट. तुम्ही काही सांगू नका. बाजूला व्हा, वाट द्या.

आई बसायची त्या पायरीशी आता ऊन आलंय. तिथे एक आजी बसल्यात. मांडीवर कुणाकुणाचे तीन स्वेटर, शेजारी पाण्याची बाटली, पायाशी ते कुत्रं. त्या वर पाहतात. ‘झालं का दर्शन?’ तुम्ही मान हलवता. आजी बाटली उचलून दुसऱ्या बाजूला ठेवतात आणि थोड्या सरकतात.

बसा.